विधेयक समितीकडे गेल्याशिवाय मतदानाला येऊच नये का?

ओसरी:
नव्या आयकर कायद्याचा प्रवास ज्यांनी पाहिला असेल त्यांना माझा मुद्दा पटकन कळेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये विधेयक मांडलं गेलं आणि बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ खासदारांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकासाठी नेमलेल्या समितीकडे, गेलं. जुलैत अहवाल आला, २८५ शिफारशींचा. सरकारने मूळ विधेयक मागे घेतलं, ऑगस्टमध्ये सुधारून आणलं आणि ते लोकसभेत गदारोळात, आवाजी मतदानाने, काही मिनिटांत मंजूर झालं. सभागृहात त्यावर चर्चा झालीच नाही. खासदारांनी ते कलमवार वाचलं असेल तर ते समितीच्या खोलीतच.

म्हणून माझं म्हणणं असं, की खरोखरची तातडी सोडून प्रत्येक विधेयक समितीकडे जाणं सक्तीचं करा. आज ते सक्तीचं नाही. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हा आकडा १६ टक्क्यांवर आला. १९९३ पासून खात्यानुसार स्थायी समित्या आहेत, आता २४ आहेत, दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यांत बसतात. यंत्रणा उभी आहे आणि आपण ती बाजूला ठेवतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक. सभागृहात पक्षादेश (व्हिप) मोडला तर खासदारकी जाऊ शकते. समितीत पक्षादेश नसतो, कॅमेरे नसतात, स्थायी समितीत तर मंत्रीही सदस्य नसतात. समोर खात्याचे सचिव बसलेले असतात आणि खासदार थेट विचारू शकतो, हे कलम कशासाठी घातलंत?

कातळ:
ओसरी, तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक आठवा. डिसेंबर २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, अहवाल यायला डिसेंबर २०२१ उजाडला. ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं आणि २०२३ मध्ये नवं आणलं, ते समितीकडे न पाठवताच मंजूर केलं. दोन वर्षांच्या बैठका पाण्यात. तोवर देशातल्या माणसाच्या माहितीला स्वतंत्र कायद्याचं संरक्षण नव्हतंच.

आणि पक्षादेश नसतो म्हणता? वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या समितीत जानेवारी २०२५ मध्ये कलमवार मतदान झालं. सत्ताधारी बाजूच्या दुरुस्त्या बहुमताने मान्य, विरोधकांच्या सगळ्या नामंजूर. पक्षादेश कागदावर नसेल, पण हात कुणाकडे बघून वर जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला समित्या नकोत असं नाही. पण सक्ती केलीत तर हेच प्रत्येक विधेयकावर होईल, आणि वर सरकार म्हणायला मोकळं: बघा, समितीने तपासलंय.

जमाखर्च:
मी कर सल्लागाराकडे काम करते, म्हणून आयकराबद्दल बोलते. मूळ विधेयकात एक ओळ अशी होती, की परतावा हवा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरलेलं हवं. वाचताना निरुपद्रवी वाटते. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ येतात. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली, पण बँकेने ठेवीच्या व्याजावर कर कापलेला. एका वर्षी पत्नीच्या आजारपणात त्यांची मुदत हुकली, विवरणपत्र दोन महिन्यांनी भरलं, परतावा मिळाला. ती ओळ राहिली असती तर अशा माणसाचे स्वतःचे पैसे सरकारकडे अडकले असते. समितीने ती काढायला सांगितली आणि सुधारित विधेयकातून ती गेली.

असल्या ओळी कुणी मुद्दाम वाचल्याशिवाय दिसत नाहीत. भाषण करून तर नाहीच नाही.

कातळ:
जमाखर्च, हे उदाहरण मान्य. पण करात पक्षीय भांडण कमी असतं म्हणून समिती चालली. जिथे खरं भांडण आहे तिथे तिची शिफारस बंधनकारक नाही, हे मूळ दुखणं आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या वेळी गृह खात्याच्या स्थायी समितीने व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून ठेवावा असं सुचवलं होतं. सरकारने घेतलं नाही. मला व्यक्तिशः तो नकार बरोबर वाटतो. प्रश्न एवढाच, की समिती कितीही राबली तरी शेवटचा शब्द खात्याचाच.

पायवाट:
मी एका विधेयकावर सूचना पाठवली होती, कुठलं ते सांगत नाही. जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुदत पंधरा दिवस, मसुदा किचकट इंग्रजीत. आठ पानं लिहून पाठवली. पोच नाही, काही नाही. तरीही मी ओसरींच्या बाजूने आहे. तीन कृषी कायदे २०२० मध्ये कुठल्याही समितीपुढे गेले नाहीत. शेतकऱ्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. समितीने ते आंदोलन टळलं असतं असा माझा दावा नाही. पण ऐकायची एक जागा होती आणि ती वापरली नाही.

ओसरी:
कातळ, वक्फबद्दल तुमचं खरं आहे, खोडून काढत नाही. पण नामंजूर झालेलं म्हणणंही भिन्न मतपत्रिकेत, म्हणजे अहवालाला जोडलेल्या असहमतीच्या टिपणात, नोंदलं जातं, आणि संसदीय समितीचे अहवाल न्यायालय अर्थ लावताना वाचू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये कल्पना मेहता खटल्यात म्हटलंय. तो कागद वाया जात नाही.

भांडणाच्या विषयातही समिती चालते. सरोगसीचं विधेयक लोकसभेने २०१९ मध्ये मंजूर केलं, तेव्हा फक्त जवळची नातेवाईकच दुसऱ्यासाठी आपल्या पोटात मूल वाढवू शकेल अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने म्हटलं, राजी असलेली कुठलीही स्त्री चालावी. त्या स्त्रीचा विमा १६ महिन्यांचा होता, तो ३६ महिन्यांचा करा. दोन्ही गोष्टी २०२१ च्या कायद्यात आल्या. घरातल्या सुनेवर किंवा नणंदेवर येऊ शकणारा दबाव कुणीतरी त्या खोलीत बोलून दाखवल्याशिवाय अशी अट निघत नाही.

कातळ:
ठीक. मग सक्तीबरोबर दोन गोष्टी घाला: अहवालाला मुदत, आणि नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीचं लेखी कारण मंत्र्याने सभागृहात मांडायचं. एवढं असेल तर मी सक्तीला हात वर करीन. मुदत साठ दिवस म्हणतो.

जमाखर्च:
साठ दिवस कमी आहेत. आयकराच्या ५३६ कलमांना पाच महिने लागले, आणि ती ओळ सापडली.