गेमिंग पीसी ऑनलाइन कंपनीकडून जोडून घेताना दर पाहावा की अटी?

लातूरकर (धागालेखक)

हवे ते भाग निवडून ऑनलाइन कंपनीकडून गेमिंग पीसी जोडून घ्यायचा विषय निघाला की चर्चा बहुधा "सगळ्यांत स्वस्त कोण देतो" या प्रश्नावर येऊन थांबते. माझे मत वेगळे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन मोठ्या खर्चांत कंपन्यांना फारशी सूट देता येत नाही, त्यामुळे एखादे कोटेशन चार-पाच हजारांनी कमी दिसले तर ते पैसे कुठून वाचवले, म्हणजेच कोटेशनमध्ये काय लिहायचे टाळले, हे आधी शोधावे.

"६५० वॅट एसएमपीएस" (पीसीला वीज पुरवणारा डबा) एवढेच लिहिले असेल तर ते अपुरे आहे; मेक आणि मॉडेल हवे. त्यावरचा ८० प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का विजेचा किती भाग वाया जात नाही एवढेच सांगतो, व्होल्टेज वर-खाली झाल्यास आतील संरक्षण कसे वागेल हे सांगत नाही. "१६ जीबी रॅम" म्हणजे आठ-आठच्या दोन स्टिक की सोळाची एकच, हेही विचारावे, कारण एकाच स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल (डेटा नेण्याचा मार्ग) चालतो आणि अनेक खेळांत दर सेकंदाला फ्रेम कमी मिळतात. ग्राफिक्स कार्डाच्या नावावरही विसंबू नये. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी आणि ८ जीबी अशा दोन रूपांत विकले गेले, आणि ८ जीबीच्या रूपात मेमरी बस, म्हणजे कार्डाच्या मेमरीपर्यंतच्या रस्त्याची रुंदी, १९२ बिटांऐवजी १२८ बिटांची होती. कोटेशनवर नाव मात्र दोन्हींचे एकच.

प्रोसेसर बॉक्समधला (किरकोळ विक्रीच्या सीलबंद डब्यातला) आहे की ट्रेमधला (जोडणाऱ्या कंपन्यांना घाऊक दिलेला, डब्याविना), हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेचा दोष उघड झाला, तेव्हा कंपनीने बॉक्समधून विकलेल्या संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली. ट्रेमधला प्रोसेसर असणाऱ्यांना मात्र इंटेलकडे थेट न जाता ज्याने विकला त्याच्याच दारात जावे लागले. तो विक्रेता हजार किलोमीटरवर असेल तर वॉरंटीचा अर्थ काय उरतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: प्रत्येक भागाचे मॉडेल कोटेशनमध्ये, प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर, आणि बिघाड झाल्यास आपल्या पिनकोडवरून पीसी कोण उचलणार व जाण्या-येण्याचे कुरियर कोण भरणार याचे लेखी उत्तर. हे तिन्ही देणारी कंपनी थोडी महाग असली तरी मी तिलाच निवडेन.

नांदेडचा दुकानदार

धागालेखकांच्या कसोटीबद्दल माझा वाद नाही. पण ती कसोटी लावल्यावर उत्तर ऑनलाइन कंपनी असेच येते, हे मला मान्य नाही. मी याच धंद्यात आहे, तेव्हा माझा स्वार्थ उघड आहे, तो गृहीत धरूनच वाचावे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. ऑनलाइन कंपनी पीसी पाठवण्यापूर्वी चाचणीचा व्हिडिओ देते, त्यात ग्राफिक्स कार्ड ७० अंशांवर स्थिर दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. ती चाचणी एसीच्या २४ अंशांच्या खोलीत झालेली असते. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते, त्यामुळे पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या ४० अंशांच्या खोलीत तेच कार्ड पंखे पूर्ण वेगाने फिरवूनही ८०च्या बरेच पुढे जाते आणि मग स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. हे ठाऊक असल्यामुळे मी समोर काच असलेले कॅबिनेट देत नाही, जाळीचे देतो, आणि धूळ काढायला दर काही महिन्यांनी आणायला सांगतो. दिव्यांच्या झगमगाटाला मी नाही म्हणत नाही, पण हवा आधी.

दुसरे म्हणजे यूपीएस. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. मोठे ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून खेळ ऐन रंगात असताना त्यापलीकडे जातात आणि वीज गेली की पीसी यूपीएससह बंद पडतो. कोणत्या घराला कोणता यूपीएस लागेल, तिथे अर्थिंग आहे का, घरातला इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा (म्हणजे शुद्ध साइन वेव्हऐवजी खडबडीत वीज देणारा) आहे का, हे वेबसाइटवरचा फॉर्म विचारत नाही. मी विचारतो.

परभणीचा अभियंता

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे की जोडणी दुसऱ्यानेच करावी. सुटे भाग स्वतः मागवले तर प्रत्येक भागाची वॉरंटी थेट त्या ब्रँडकडे आपल्या नावावर राहते. ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षे. एक भाग बिघडला तर तोच पाठवायचा, अख्खा पीसी नाही. जोडणीला एक स्क्रूड्रायव्हर, थोडे धैर्य आणि मदरबोर्डची पुस्तिका पुरते. जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये बसवून शेकडो किलोमीटर ट्रकमधून आणण्यापेक्षा ते स्वतःच्या डब्यात येणे केव्हाही सुरक्षित.

लातूरकर (धागालेखक)

अभियंत्यांचा मार्ग ज्याला जमतो त्याच्यासाठी उत्तमच आहे. परंतु पीसी पहिल्यांदाच सुरू झाला नाही तर दोष मदरबोर्डचा, रॅमचा की प्रोसेसरचा हे ठरवायला हाताशी दुसरे भाग लागतात, आणि ते घरी कुणाकडेच नसतात. जोडणीचे पैसे आपण खरे तर या तपासणीसाठी मोजतो. वाहतुकीचा मुद्दा मात्र रास्त आहे. कॅबिनेटच्या आत कार्डाभोवती फोमची भर घालतात की कार्ड वेगळे पाठवतात, वाहतुकीचा विमा आहे का, हे प्रश्न माझ्या यादीत घालायला हवेत.

दुकानदार साहेबांच्या उन्हाच्या मुद्द्याला उत्तर एवढेच की कंपनीकडे चाचणीच्या वेळचे खोलीचे तापमान मागता येते आणि जाळीचे कॅबिनेटही मागता येते. माझी अडचण दुसरीकडे आहे. आपल्या भागातील अनेक दुकानांत पक्के बिल मागितले की १८ टक्के जीएसटी वेगळा सांगितला जातो, आणि कच्च्या पावतीवर घेतले तर वॉरंटीच्या वेळी हातात काहीच नसते. ऑनलाइन कंपनीत निदान हा प्रश्न येत नाही.

नांदेडचा दुकानदार

कच्ची पावती मागणारे निम्मे गिऱ्हाईकच असते, हेही लिहायला हवे होते. ऑनलाइन दरात जीएसटी धरून किंमत दाखवतात म्हणून ती कुणाला खुपत नाही. आम्ही तीच रक्कम वेगळी सांगितली की आम्ही लुटारू ठरतो. शिवाय दरांचेच म्हणाल तर २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती अशा भडकल्या की सकाळचे कोटेशन संध्याकाळी पाळणे कठीण झाले. ऑनलाइन कंपनीकडे पूर्ण रक्कम आगाऊ भरून मग "भाग उपलब्ध नाही, बदली भाग चालेल का" असा ई-मेल आला तर काय करणार? माझ्या काउंटरवर येऊन भांडता तरी येते.

संभाजीनगरचा वकील

भांडण्याची सोय ऑनलाइन खरेदीतही आहे, आणि ती लोकांना वाटते त्यापेक्षा जवळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची, तिला लातूरला उत्तर द्यावे लागते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. मात्र कच्च्या पावतीवर आयोगासमोर उभे राहणे अवघड, हा धागालेखकांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने अगदी खरा आहे. बदली भागाबाबतही तेच: ई-मेलवर होकार दिला की नंतर तक्रारीचा पाया ढासळतो.

अंबाजोगाईची आई

आपण सर्व जण जाणकार आहात. माझ्या मुलाला बारावीनंतर व्हिडिओ एडिटिंग शिकायचे आहे आणि खेळायचेही आहे, हे तो लपवत नाही. इथे असा पीसी जोडणारे दुकान नाही, लातूर हेच जवळचे. आयोग, हेल्पलाइन हे सगळे ठीक, पण पीसी महिनाभर बंद राहिला तर त्याचा महिना कोण भरून देणार? ऑनलाइन घेऊन दुरुस्ती लातूरच्या दुकानात करवून घेता येईल का?

लातूरकर (धागालेखक)

ताई, आपला प्रश्न या चर्चेतला सर्वांत उपयोगाचा आहे. काही कंपन्या अख्ख्या पीसीवर एकच वॉरंटी देतात आणि कॅबिनेटवर सील लावतात. अशा कंपनीकडून अंबाजोगाईत बसून घेऊ नये, कारण रॅमची स्टिक काढून पुसून परत बसवायची असली तरी पीसी कुरियरनेच जाईल. भागनिहाय वॉरंटी देणारी, भागांचे मूळ डबे सोबत पाठवणारी कंपनी निवडावी. मग लातूरचा कुणीही जाणकार बिघडलेला भाग ओळखून काढून देऊ शकतो आणि तेवढाच भाग पाठवता येतो. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, उदाहरणार्थ रायझेन ५ ७६००, तर ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले असतानाही पीसी चालू राहतो. एडिटिंगचा सराव थांबत नाही, खेळ तेवढे थांबतात.

नांदेडचा दुकानदार

ताई, लातूरचे माझे व्यवसायबंधूही असे काम करतील, तपासणीचे पैसे मात्र घेतील आणि ते घ्यायलाच हवेत. एक अट सगळेच घालतील: कॅबिनेट बाहेर उघडल्याने वॉरंटी रद्द होणार नाही, असे कंपनीकडून ऑर्डर देण्यापूर्वीच ई-मेलवर लेखी घ्या आणि पीसीसोबत त्याची प्रत आणा. ती नसेल तर मीदेखील स्क्रूला हात लावत नाही.