क्रूझ बंदरात उभी असताना बार चालू असतो का? मुंबई–गोवा ट्रिपसाठी माहिती हवी

राजारामपुरी_९वी_गल्ली

आम्ही कोल्हापुरातले आठ जण मुंबई–गोवा क्रूझ करतोय. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सीएसएमटी, तिथनं बॅलार्ड पिअर. दुपारी जहाजात चढायचं, सुटणार संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदरात दिवसभर मुक्काम. निम्मे लोक तिथंच उतरून गाडीनं कोल्हापूरला येणार, बाकीचे त्याच जहाजानं परत मुंबईला.

शंका अशा:
जहाज धक्क्याला असेपर्यंत बार मिळतो का? कोण म्हणतंय मिळतो, कोण म्हणतंय 12 मैल बाहेर गेल्याशिवाय ग्लास मिळत नाही.
घरची बाटली नेली तर चालते का?
बरोबर 22 वर्षांचा भाचा आहे, त्याला काय नियम?
गोव्यातनं येताना गाडीत दोन-तीन बाटल्या आणल्या तर?

धक्का_आणि_दोरखंड

12 मैलांच्या गोष्टीत दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात, एक कराची आणि एक परवान्याची. त्या आधी सुट्या करूया.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. परदेशी जाणाऱ्या जहाजावर दारू बिनशुल्क साठवलेली असते. कस्टम कायदा 1962, कलम 87 प्रमाणे जहाज ‘फॉरेन गोइंग’ असेपर्यंत तो साठा जहाजावर बिनशुल्क वापरता येतो. बंदरात आल्यावर कस्टमचे अधिकारी त्या साठ्याच्या खोलीला सील लावू शकतात. ड्यूटी फ्री दुकान आणि कसिनो बंदरात बंद दिसतात ते बहुतेक ठिकाणी याच प्रकारच्या नियमांमुळे. बार मात्र तिथल्या स्थानिक कायद्यात बसत असेल आणि स्थानिक कर भरला जात असेल तर चालू राहू शकतो. म्हणून परदेशात एका बंदरात बार उघडा असतो, दुसऱ्यात कुलूप असतं, तिसऱ्यात त्याच पेगवर जास्तीचा कर लागून बिल येतं.

तुमची ट्रिप भारतातल्या भारतात, म्हणजे जहाज ‘कोस्टल रन’वर. त्याला कलम 87 ची सवलत नाही. जहाज 12 मैलांच्या बाहेर गेलं म्हणून दारू ड्यूटी फ्री होत नाही. त्या भावाची आशा धरून बजेट करू नका.

आता धक्क्याचं. दोर बांधलेले आहेत तोवर तुम्ही मुंबईतच आहात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 लागू, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागू. कंपनीकडं बंदरात विक्रीचा परवाना असेल तर बार उघडेल, नसेल तर जहाज सुटेपर्यंत चहा-सरबत. मुरगावला हाच प्रश्न गोव्याच्या परवान्याचा. धक्क्याला लागणं आणि बाहेर नांगर टाकून उभं राहणं यात या बाबतीत फरक नाही, दोन्ही हद्दीच्या आतच.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ड्राय डे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर तर आहेतच. शिवाय त्या भागात मतदान असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास आणि मतमोजणीचा दिवस. तारीख ठरवताना मुंबई आणि गोवा, दोन्हीकडचं बघा.

शाहूपुरी_तिकीट_खिडकी

वरचं बरोबर. मी बुकिंगच्या बाजूचं लिहितो.

कंपनीला फोन नको, ई-मेल करा. तीन वाक्यं पुरेत: मुंबईत चढल्यापासून सुटेपर्यंत मद्य मिळेल का, मुरगावला उभं असताना मिळेल का, आणि ड्रिंक्सचं पॅकेज कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत धरलंय. फोनवर ‘मिळतंय की’ म्हणणारा माणूस जहाजावर नसतो.

बाटली: सामान एक्स-रेतून जातं. बाटली सापडली की काढून घेतात, चिठ्ठी देतात आणि उतरताना परत करतात किंवा नष्ट करतात, हे कंपनीच्या अटीत लिहिलेलं असतं. पाण्याच्या बाटलीत भरून न्यायची युक्ती त्यांना चांगली माहीत आहे. काही परदेशी कंपन्या चढायच्या दिवशी माणशी 750 मिलीची एक वाइन चालवून घेतात, व्हिस्की-रम नाही.

पॅकेज: उदाहरणापुरते आकडे धरा, दिवसाचं पॅकेज 3,500 आणि एक ड्रिंक 600. म्हणजे दिवसाला सहा ड्रिंक झाली तरच पैसे वसूल. आता मुरगावचा दिवस बघा. सकाळी नऊला उतरलात, संध्याकाळी पाचला आलात, जहाज सुटल्यावर बार उघडला, तर हातात राहतात चार-पाच तास. त्यात सहा संपवायची घाई करणं हीच खरी चूक. बऱ्याच कंपन्या पॅकेज पूर्ण प्रवासाचंच देतात आणि एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यायला लावतात. जे पीत नाहीत त्यांची केबिन वेगळी पाडा.

भाचा: महाराष्ट्रात बिअरला 21 पूर्ण, व्हिस्की-रमला 25 पूर्ण. जहाजावर जे कार्ड देतात त्यात जन्मतारीख असते, बारवर कार्ड लावलं की कळतं. 22 ला मुंबईच्या धक्क्यावर बिअरपुढं जाता येणार नाही. बाहेर गेल्यावर कंपनीचा स्वतःचा वयाचा नियम, तोही मेलमध्येच विचारा. मामानं स्वतःच्या कार्डावर घेऊन त्याला दिलं तर मामाचंही कार्ड बंद होऊ शकतं.

आणि परत चढताना झोक जात असेल तर गँगवेवरचा, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावरचा सुरक्षारक्षक अडवू शकतो. ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ सुटायच्या आधीची असते, जहाज थांबत नाही.

आंबोली_मार्गे

बाटल्या आणू नका. गोव्याच्या बाटलीवर ‘फॉर सेल इन गोवा ओन्ली’ छापलेलं असतं, लेबल फिरवलं की दिसतं. गोव्यात बाटली बाहेर नेण्याची परवानगी मिळाली तरी महाराष्ट्रात ती चालत नाही, इथल्या उत्पादन शुल्क खात्याची लागते. बांद्याच्या पुढं इन्सुलीला तपासणी नाका आहे. सापडलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा, आणि गाडीही जप्तीत जाऊ शकते. दोन-तीनच आहेत हे कारण तिथं ऐकून घेत नाहीत.

आजऱ्यावरून संकेश्वर–निपाणी मार्गे आलात तर मध्ये कर्नाटक लागतं, कोगनोळी ओलांडून कागलला परत महाराष्ट्र. म्हणजे एकाच बाटलीला दोन राज्यांचे कायदे.

राजारामपुरी_९वी_गल्ली

बाटल्यांचा विषय संपला. गाडी मुरगावपर्यंत मागवून घेतोय, पण चालवणार आमच्यातलाच एक. सकाळी नऊच्या सुमारास उतरणार. रात्री त्यानं घेतली तर?

मिली_आणि_ग्रॅम

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलीत, म्हणजे एका स्मॉलमध्ये, साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. लार्ज म्हणजे 20. आठ टक्क्यांची 650 मिली स्ट्राँग बिअर म्हणजे 41 ग्रॅम, चार स्मॉल. लोक ‘फक्त बिअर घेतली’ म्हणतात तिथं हिशेब चुकतो. अमेरिकन पद्धतीच्या जहाजांवर माप 44 मिलीचं असतं, तिथं एक म्हणजे 14 ग्रॅम.

यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम काढतं. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी, कशानंही वेग वाढत नाही. रात्री नऊ ते एक पाच लार्ज झाले तर 100 ग्रॅम, म्हणजे पिणं सुरू केल्यापासून 10 ते 14 तास. सकाळी नऊला तो पूर्ण रिकामा असेल याची खात्री नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, मोटार वाहन कायद्याचं कलम 185. आणि पुढं आंबोली घाट, पावसाळ्यात धुकं. चालवणाऱ्यानं त्या रात्री घेऊच नये, किंवा कोल्हापुरातनंच ड्रायव्हर पाठवा.

दुसरं, जहाज लागू नये म्हणून अव्होमिन घेणार असाल तर त्यावर दारू नको. गोळीनं आधीच झोप येते, दोन्ही मिळून गुंगी फार वाढते. गोळी प्रवासाच्या आदल्या रात्री किंवा सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी.

राजारामपुरी_९वी_गल्ली

ड्रायव्हर पाठवतोय. पुढच्या वर्षी लक्षद्वीपची क्रूझ बघतोय, तिथं कसं?

धक्का_आणि_दोरखंड

लक्षद्वीपला बंगारम सोडून बाकी बेटांवर दारूबंदी. मोठं जहाज बाहेर उभं राहतं, तिथनं छोट्या बोटीनं बेटावर नेतात. उतरताना पिशवीत क्वार्टरसुद्धा नको, आणि त्या उभं राहण्याच्या वेळेत बार चालू आहे का, हे त्याच मेलमध्ये चौथं वाक्य म्हणून घाला.