मदत हवी आहे: आयर्लंडच्या व्हिसावर फेरीने वेल्सला जाणे

मुलगी (टीवाय, इकॉनॉमिक्स, भारतीय पासपोर्ट) मे महिन्यात कॉलेजच्या १६ दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर जातेय. आधी डब्लिन (डॉकलँड्समधल्या परदेशी कंपन्या, साडेबारा टक्के कंपनी कराचं गणित), पुढे कोनेमाराचा आयरिश बोलणारा भाग. मग डब्लिनहून फेरीबोटीने ब्रिटनमधल्या वेल्सचं होलीहेड बंदर, ब्लेनेव्हनची बंद पडलेली कोळसा खाण आणि शेवटी कार्डिफ.

आयर्लंडचा सिंगल एंट्री व्हिसा कालच हातात आला. स्टिकरवर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) ही अक्षरं आहेत, भिंग लावून पाहिली! म्हणजे आधी आयर्लंडमध्ये उतरलं की ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे नियमांत वाचलंय. एजंट मात्र "दोन्ही काढा" म्हणतोय. त्याला फी मिळते, म्हणून विश्वास बसत नाही. दूतावासाला मेल केलाय, उत्तर नाही. वेगळ्या व्हिसाला आता वेळही नाही आणि पैसेही.

परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. कार्डिफहून लंडन जवळ, शिवाय मुंबईची थेट फ्लाइट. पण सर आग्रहाने डब्लिनहूनच परत या म्हणतात. बीआयव्हीएसवर प्रत्यक्ष गेलेल्यांनी सांगा: फेरीवर किंवा होलीहेडला कोणते कागद पाहिले? आणि थेट लंडनहून मुंबईला परतताना कुणाला अडवलं का?