सर्व्हर आपोआप रीबूट होतो, जर्नलच्या (सिस्टमच्या नोंदींच्या) शेवटी काहीच सापडत नाही. कर्नेल पॅनिकचं (सावरता न येणाऱ्या चुकीमुळे कर्नेल थांबण्याचं) मूळ कसं शोधायचं?

प्रश्न (ऊप्स_वाचक):
६४ बिटचा लिनक्स सर्व्हर, डिस्ट्रोचाच कर्नेल, वर बाहेरून बिल्ड केलेलं एक नेटवर्क मॉड्यूल. लोड वाढला की मशीन पॅनिक होऊन रीबूट होतं. कन्सोलच्या फोटोत एवढं दिसतं: नल पॉइंटर डीरेफरन्स (रिकाम्या पत्त्यावरून मेमरी वापरायचा प्रयत्न), पत्ता ०एक्स१८, "ऊप्स: ०००२ [#२]" (ऊप्स म्हणजे कर्नेलने नोंदवलेली त्याची स्वतःची गंभीर चूक), टेंटची (कर्नेलच्या स्थितीच्या खुणांची) अक्षरं जी, डी, ओ, ई. शेवटी "फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट". जर्नलच्या शेवटच्या ओळी अगदी साध्या आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर (स्टॅक_ट्रेस):
फोटोतलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो [#२]. बूट झाल्यापासूनचा हा दुसरा ऊप्स आहे, आणि टेंटमधला "डी" तेच सांगतो: कर्नेल आधी एकदा कोसळून तसाच चालू राहिला होता. ०००२ म्हणजे कर्नेल मोडमध्ये, मॅप नसलेल्या पानावर लिहायचा प्रयत्न. ०एक्स१८ म्हणजे नल स्ट्रक्चरमधलं २४व्या बाइटवरचं फील्ड. पण त्याच्या मागे लागू नका. पहिल्या ऊप्सनंतर लॉक अडकलेले असतात, याद्या अर्धवट असतात. दुसरा बहुतेकदा त्याचाच परिणाम असतो.

जर्नलचा शेवट न बघता "जर्नलसीटीएल -के -बी -१" चालवा आणि त्यात [#१] शोधा. तो काही तास आधीचाही असू शकतो. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्या यादीत) ज्या नावांआधी प्रश्नचिन्ह आहे, ती स्टॅकवर पडलेली जुनी नावं असू शकतात. त्यांवर भिस्त नको.

उत्तर (केडम्प_आधी):
यापुढे पहिल्याच ऊप्सला डम्प (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) मिळाला पाहिजे. तो घेणारं केडम्प बसवा, बूट पॅरामीटरमध्ये "क्रॅशकर्नेल=२५६एम" द्या, आणि "कर्नेल.पॅनिक_ऑन_ऊप्स=१" करा. हे शेवटचं राहिलं तर प्रोसेस कॉन्टेक्स्टमधल्या ऊप्सला फक्त ती प्रोसेस मरते, डम्प होतच नाही. रीबूटनंतर "/सिस/कर्नेल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड" मध्ये १ दिसला पाहिजे.

मग सेवा थांबवून, रूट म्हणून "एको सी > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर" करून खरोखर क्रॅश घडवा. ही चाचणी टाळू नका. राखलेली मेमरी अपुरी पडणं किंवा केडम्पच्या इनिटआरडीत (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या संचात) डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसणं, ही दोन कारणं इथेच उघडी पडतात. पहिल्यात ५१२एम करून बघा.

डम्प "क्रॅश" टूलमध्ये उघडताना व्हीएमलिनक्स (कर्नेलची मूळ, न दाबलेली फाइल) नेमक्या त्याच बिल्डच्या डीबगइन्फोमधला (डीबगिंगची माहिती असलेल्या पॅकेजमधला) हवा. "लॉग", मग "बीटी -ए", मग "मॉड -एस".

ऊप्स_वाचक:
[#१] सापडला, दुसऱ्याच्या ४० मिनिटं आधीचा. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, पत्ता ०एक्सडेड०००००००००१०८, आरआयपी (त्या वेळी चालू असलेल्या सूचनेचा पत्ता) त्याच बाहेरच्या मॉड्यूलच्या टायमर हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये.

उत्तर (स्टॅक_ट्रेस):
मग दिशा स्पष्ट आहे. यादीतून नोड काढला की कर्नेल त्याच्या "नेक्स्ट"मध्ये मुद्दाम ०एक्सडेड०००००००००१०० भरतो. तोच नोड पुन्हा काढायला गेलं की "प्रीव्ह"चे ८ बाइट मिळून १०८ वर लिहिलं जातं. म्हणजे एकच नोड दोनदा "लिस्ट_डेल" झालाय. रॅमवर संशय घ्यायचा तो दर क्रॅशला वेगळं फंक्शन आणि भलतेच पत्ते आले तर. इथे तसं नाही.

आता बूटला "एसएलयूबी_डीबग=एफझेडपीयू" (कर्नेलच्या मेमरी वाटपावरच्या तपासण्या) देऊन तेच घडवा; मशीन बरंच मंदावेल, म्हणून चाचणीच्या मशीनवर. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी... दिसलं तर ऑब्जेक्ट आधीच फ्री झालाय: टायमर थांबायची वाट न बघता कुणीतरी "केफ्री" करून मेमरी सोडलीय, तिथे "डेल_टायमर_सिंक" (नव्या कर्नेलमध्ये "टायमर_डिलीट_सिंक") आहे का बघा. "डेड"च राहिलं तर ऑब्जेक्ट बहुधा जिवंत आहे आणि दोन वाटांनी तो यादीतून निघतोय; दोन्ही "लिस्ट_डेल" एकाच स्पिनलॉकखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली) आहेत का, ते तपासा.