चार जणांच्या चमूनं क्रोमियमवर ब्राउझर काढला, तर तो टिकवायचा कसा?

घाटमाथा
विंडोज आणि लिनक्ससाठी ब्राउझर, चमू चौघांचा. उभे टॅब आणि ट्रॅकर (साइटवर लोकांचा माग काढणारा कोड) अडवणं एवढंच स्वतःचं, बाकी क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो गूगलचा खुला कोड. दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आमचे पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये केलेले बदल, मोडतात. हे कसं सांभाळायचं? की गेकोवर, म्हणजे फायरफॉक्सच्या इंजिनवर, जावं? आणि क्रोम सोडून लोकांनी इकडे यावं तरी का?

रात्रपाळी
इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग) बदलायचा विचार सोडा. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं आणि २०१८ अखेर मायक्रोसॉफ्टनंही एजसाठी क्रोमियमच घेतलं. गेकोवर गेलात तरी पॅच सुटत नाहीत.

मूळ फाइलींमध्ये कोड लिहू नका. तो स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फाइलीत फक्त त्याला बोलावणारी एक ओळ. क्रोमियमवरच्याच ब्रेव्ह ब्राउझरची पद्धत बघाच: मूळ फाइलीच्याच नावाची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असते, बिल्ड करताना (कोडमधून चालणारा ब्राउझर बनवताना) आधी ती उचलली जाते आणि ती मूळ फाइलीला इन्क्लूड करते, म्हणजे स्वतःत ओढून घेते. मूळ फाइलीला हात लागत नाही, म्हणून नवा कोड मिसळताना होणारे मर्जचे तंटे कमी.

खरा धोका विनातक्रार लागणाऱ्या पॅचचा. फंक्शन जागेवर असतं, पण क्रोमियमच्या नव्या कोडनं त्याला बोलावणं बंद केलेलं असतं. बिल्ड हिरवा आणि ट्रॅकर मोकाट. प्रत्येक बदलामागे एक ब्राउझर-टेस्ट हवीच. स्टेबलची (सर्वांसाठीच्या पक्क्या आवृत्तीची) वाट न बघता दर आठवड्याला डेव्ह या आधीच्या चाचणी-शाखेवर रीबेस करा, म्हणजे आपले बदल तिच्यावर पुन्हा चढवा. मोडतोड थोडी थोडी समोर येते. बिल्डच्या मशीनला १०० जीबी मोकळी डिस्क आणि १६ जीबीहून जास्त रॅम लागेल.

चाफा
चार आठवड्यांचा हिशेब सुरक्षेला चालत नाही. क्रोम ११६ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. कारण साधं आहे: दुरुस्तीचा कोड आधी सर्वांसमोर येतो, तो वाचून हल्ला रचता येतो. तुमचं अपडेट दोन दिवसांत गेलंच पाहिजे. टॅग पडला, म्हणजे नव्या आवृत्तीवर खूण झाली, की बिल्ड, टेस्ट आणि डिजिटल सही आपोआप व्हायला हवी. दर चार आठवड्यांची नवी आवृत्ती झेपत नसेल तर आठ आठवड्यांची एक्स्टेंडेड स्टेबल शाखा धरा; सुरक्षेच्या दुरुस्त्या तिलाही येतात.

यूजर-एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर साइटला देतो त्या ओळखीच्या ओळीत, स्वतःचं नाव घालू नका. काही साइट अनोळखी नाव दिसलं की दार लावतात. विवाल्डी ब्राउझरनं याच कारणानं डिसेंबर २०१९ मध्ये आपलं नाव काढलं. वाइडवाइनचा (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाचा) परवाना आधी मागून ठेवा, नाहीतर नेटफ्लिक्स चालणार नाही. सिंकही (बुकमार्क, पासवर्ड सगळ्या यंत्रांवर सारखे ठेवणं) स्वतःचं लागेल: गूगलनं मार्च २०२१ मध्ये आपली सिंक सेवा इतर क्रोमियम ब्राउझरना बंद केली.

घाटमाथा
ट्रॅकर अडवायला एक्सटेन्शन सोबत दिलं तर?

रात्रपाळी
नको. मॅनिफेस्ट व्ही३ या एक्सटेन्शनच्या नव्या नियमावलीत साध्या एक्सटेन्शनला विनंती जागच्या जागी तपासून अडवता येत नाही, आधी नियम देऊन ठेवावे लागतात. अडवणं ब्राउझरच्या नेटवर्क थरातच बसवा. ब्रेव्हची अ‍ॅडब्लॉक-रस्ट लायब्ररी खुली आहे, ईझीलिस्ट या जाहिराती अडवण्याच्या यादीचे नियम वाचते. लोकांनी का यावं, याचं उत्तरही इथेच आहे. ज्याची कमाई जाहिरातींवर आहे, तो हे पहिल्या दिवसापासून चालू करून देणार नाही. तुम्ही द्या.