मदत हवी आहे : नवा एअर फिल्टर, तरी आतल्या बाजूला धूळ

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ४२,००० किमी. फिल्टर चौकोनी, घड्यांच्या कागदाचा, कडेला रबरी पट्टी. बदलून ३,००० किमी झालेत. परवा फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं तर इंजिनाकडच्या, म्हणजे स्वच्छ राहायला हव्या त्या बाजूला, एका कोपऱ्यात बोटाला लागेल इतकी तांबडी धूळ. फिल्टरमागे टॉर्च धरून पाहिलं, कागद कुठेही फाटलेला नाही. म्हणजे हवा कागदातून न जाता कडेवरून शिरतेय.

झाकणाच्या मागच्या दोन जिभा आधी खाचेत बसवून मगच पुढच्या क्लिपा लावल्या होत्या. (घाईत नेमकं हेच उलटं होतं आणि मागून फट राहते.) डब्याच्या काठावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं. रबरावर सगळीकडे ठसा उमटला, फक्त त्या कोपऱ्यात साधारण ४ सेंमी कोरडं. जुन्या फिल्टरची पट्टी शेजारी धरली तर नवी २ मिमीने पातळ दिसते.

आता हा फिल्टरचा दोष की इंजिनाच्या उष्णतेने झाकण वाकलंय? कसं ओळखायचं? सिलिकॉन लावा असं गॅरेजवाले सांगतात, पण साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब करू शकते, म्हणून ते नको. आणि इतकी धूळ आत गेल्यावर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) उघडून साफ करावी का? आयडलिंग स्थिर आहे, चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.