मदत हवी आहे: 12 जानेवारीच्या दिनविशेषात जिजाऊंची नोंद कशी लिहू?

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर 12 जानेवारीचा दिनविशेष लिहायचाय. चार हुतात्म्यांची फाशी (येरवडा, 1931) सगळ्यात वर, आपल्याकडे त्यावर चर्चाच नको. विवेकानंद जयंती (1863) आणि मद्रास कसोटीत बापू नाडकर्णींची सलग 21 निर्धाव षटकं (1964, काय चिकाटी!) हेही पक्कं.

अडलंय जिजाऊंपाशी. पौष पौर्णिमा, शके 1519 पंचांगाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर आजच्या कॅलेंडरप्रमाणे 22 जानेवारी 1598 येते. म्हणजे रूढ 12 तारीख जुनी, ज्युलियन. फरक दहा दिवसांचा. जयंती 12 लाच होते, ती हलवायची नाही. फळ्यावर जेमतेम एक ओळ उरलीय. छापील दिनविशेषात अशा तारखेपुढे ‘ज्युलियन’ लिहितात, की नुसतं 1598 चालतं?